गोल नाकाचं विमान

माझा मामा दात बनवायचा. डॉक्टर नव्हता तो. डॉक्टर लोकांच्या तोंडात बघायचे, माप घ्यायचे, आणि त्यांचे प्लास्टरचे साचे मामाच्या लॅबमधल्या टेबलावर येऊन पडायचे. त्यावरून मामा कवळी करायचा, कुणाचा एखादा गेलेला दात करायचा, शेजारच्या दातांशी रंग जुळवायचा. माणसाचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नसायचा, फक्त जबडा. त्यामुळे रस्त्यात कुणी तोंड भरून हसलं की मामा क्षणभर थांबायचा आणि पुटपुटायचा, "हा माझ्याकडचाच."

मामी क्रेन चालवायची. ओतकामाच्या कारखान्यात छताखालच्या रुळांवरून फिरते ना, ती क्रेन. सकाळी लोखंडी शिडी चढून ती वरच्या काचेच्या खोलीत जाऊन बसायची, ती जेवणाच्या सुट्टीलाच खाली उतरायची. दोन हातांत दोन दांडे, खाली वितळलेल्या लोखंडाचं भांडं आणि भांड्याच्या आसपास वावरणारी माणसं. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "उचलणं सोपं असतं गं. झुलू न देता थांबवायचं, तेच काय ते काम."

त्यांची गाठ पडली तीही दातामुळेच. कारखान्यात साखळीची कडी निसटून मामीच्या तोंडावर बसली आणि समोरचा दात गेला. मामाने केलेला दात तिला काही पसंत पडेना. रंग वेगळा दिसतो म्हणून तिने तो डॉक्टरांकडून परत पाठवला, मग पुन्हा परत पाठवला, आणि शेवटी कामाच्या कपड्यांतच लॅबमध्ये येऊन उभी राहिली. "कुणी केलाय हा?" मामा म्हणाला, "मी. इकडे खिडकीशी या, उजेडात बघू." खिडकीशी उभं राहून त्याने तिचे दात बघितले, आणि म्हणे बराच वेळ बघत राहिला. पुढे आयुष्यभर दोघांत खटका उडाला की मामा मला सांगायचा, "हिचा माझ्यावर दात आहे. आणि तोसुद्धा मीच बनवून दिलाय."

मामाला विमानांचा नाद लग्नाआधीपासूनचा. हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं पातळ आवरण, नाकात छोटं पेट्रोलचं इंजिन, आणि जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं. बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. उडवण्यात मात्र सगळा आनंदीआनंद. विमानाने जमीन सोडली की त्याची बोटं आखडायची, आणि कित्येक महिन्यांची मेहनत झुडपात जाऊन बसायची. लग्नानंतर मामी पहिल्यांदा मैदानावर गेली तेव्हा असंच एक विमान सगळ्यांच्या डोक्यावरून भेलकांडत चाललं होतं. तिने मामाच्या हातून रिमोट काढून घेतला.

"कुठला दांडा कशाचा, तेवढं सांगा."

मामाने कसंबसं सांगितलं. तिने एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि टेबलावर कप ठेवावा तसं विमान गवतावर आणून ठेवलं. त्या दिवसापासून घरात वाटणी झाली. बनवायचं त्याने, उडवायचं तिने.

त्यांना मूल नव्हतं. मी जवळच्याच गल्लीत राहायचे आणि औषधांच्या दुकानात काम करायचे, त्यामुळे कामावरून परतताना त्यांच्याकडे डोकावणं ठरलेलंच. मामी कारखान्यातून निवृत्त झाली होती. सुट्टीच्या सकाळी दोघं गाडीच्या मागच्या सीटवर विमान निजवून मैदानावर जायची. तिथे आणखी चारदोन हौशी मंडळी असायची. त्यांतले एक शहरातली बस चालवायचे, त्यांना सगळे बसवालेच म्हणायचे. मामीच्या खालोखाल हात होता तो त्यांचा.

मामीची एक हौस मात्र राहून गेली होती. तिला हवं होतं जुन्या धर्तीचं बुटकं विमान, मोठ्या गोल नाकाचं. लहानपणी तसलं एक विमान तिच्या घरावरून अगदी कमी उंचीवरून गेलं होतं. "नाक उघडं होतं त्याचं," ती हाताने भलामोठा गोल करून दाखवायची, "आणि आत गोलाकार मांडलेलं सगळं यंत्र दिसत होतं. आपली विमानं म्हणजे नाक दाबून धरल्यासारखी." मामा दर वेळी म्हणायचा, करू की. आणि मग काहीतरी सोपं करायला घ्यायचा.

एका सुट्टीला मामीने विमान पाडलं.

उतरताना ते डावीकडे कललं आणि कललेलंच राहिलं. पंख जमिनीला लागला, विमान कोलांटी खाऊन उलटं पडलं. सगळ्यांना वाटलं रिमोटमध्ये बिघाड असेल. मामाने घरी येऊन सगळं उकललं. बॅटरी बघितली, तारा बघितल्या, शेपटी हलवणाऱ्या मोटारी एकेक करून फिरवून बघितल्या. सगळं जागच्या जागी. तो हे मामीला सांगायला आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने धरून बसली होती.

"रिमोट ठीकच असणार," ती म्हणाली. "मी सांगितलं याला, उजवीकडे जा. हा गेलाच नाही."

मग तिच्या हातून कप पडायला लागले. बरणीचं झाकण उघडेना. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं, मीही होते. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषधाने वेग थोडा कमी होतो, इतकंच. "डोकं मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं," त्या म्हणाल्या. त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं. मामी खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर मामा गॅरेजमध्ये शिरला तो शिरलाच. लॅबमधून आला की चहा घेऊन तिकडेच. आतून करवतीचा, कानशीचा आवाज. गोल नाकाचं विमान त्याने करायला घेतलं होतं. इतकी वर्षं टाळलेलं काम आता पाठीशी वाघ लागल्यासारखा करत होता. मामीचं आंघोळपाणी, जेवण, औषधं, सगळं तो वेळच्या वेळी करायचा, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण काम संपलं की निघाला. मामी खुर्चीत बसून दाराकडे बघत असायची. तिची जीभ तेव्हा नुकती जड व्हायला लागली होती. एका संध्याकाळी मी तिला सूप पाजत होते. तिने तोंड फिरवलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, "अहो!"

मामा धावत आला. हाताला लाकडाचा भुसा.

"मी अजून आहे," ती म्हणाली. "तिकडे काय करताय?"

मामा दारातच उभा. "तुझंच विमान करतोय," असं काहीतरी म्हणाला.

"मग इथे करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी गॅरेजमधलं टेबल उचलून तिच्या खोलीत आणलं. कपाट बाहेर काढावं लागलं. वास मारणारी कामं, रसायनं, रंग, हे सगळं मामा लॅबमध्ये उरकून आणायचा, कारण तिला खोकला झेपत नव्हता. जोडाजोडी मात्र तिच्यासमोर. मामाच्या तोंडाला कुलूप असायचं एरवी, पण हातात काम असलं की तो बोलायचा. टेबल आत आल्यावर त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

सांगाडा तयार झाला तेव्हा मामाने दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचललं. शेपूट खाली गेली. नाक आखूड असलं की असं होतंच. विमान तोलात यायला नाकात वजन लागतं.

"शिसं घालावं लागणार," मामा म्हणाला.

"शिसं कशाला? मेलेलं वजन." मामी एकेक शब्द तोडून बोलायची आता. "इंजिन घाला. दिसणारं."

खरं इंजिन होतंच आत, पण ते मुठीएवढं, मागे दडलेलं. तिला म्हणायचं होतं ते खोटं इंजिन, नुसतं दिसायला, जुन्या विमानांत असायचं तसं. मधे गोल पेटी आणि तिच्याभोवती नऊ सिलिंडर. मामाला ते आधीपासून माहीत होतं आणि तो नेमका तेच टाळत होता, कारण ते काम किचकट. पण आता नाही म्हणायची सोय नव्हती.

सिलिंडरला आडव्या पातळ चकत्या असतात, एकीवर एक. मामाने एक सिलिंडर हाताने कोरला, त्याचा साचा घेतला आणि लॅबमधल्या कवळीच्या मालातून बाकीचे ओतले. ते त्याने डबा उघडून मामीसमोर मांडले तेव्हा मी तिथेच होते. सगळेच्या सगळे गुलाबी.

मामीने बघितलं. तिच्या घशातून एक आवाज आला, मला वाटलं ठसका लागला. मी पाण्याला धावले. ती हसत होती.

"इंजिन आहे..." तिला पुढचं बोलता येईना इतकी हसत होती, "...का हिरड्या?"

मामा म्हणाला, "पुढे-मागे इंजिनाला कवळी लागलीच तर माप तयार आहे." त्या दिवशी ती दोघं किती हसली. मी घरी गेले तरी माझ्या कानांत ते होतं.

मग ते गुलाबी सिलिंडर चंदेरी झाले, चकत्यांच्या फटींत काळा रंग मुरला, आणि खरं काम सुरू झालं. नाकावर बसतं ते गोल आवरण, त्याला काउल म्हणतात. मामाने ते फायबरचं केलं होतं, आत ऐसपैस आणि तोंडाशी अरुंद, मडक्यासारखं. पूर्ण जोडलेलं इंजिन त्या तोंडातून आत जाईना. मागून घालावं तर मागे काउल बसवायची प्लायवूडची कडी आडवी यायची. मामाने कडी कानशीने घासून बघितली, सिलिंडरची डोकी घासून बघितली. शेवटी त्याने इंजिन पुन्हा सुटं केलं. मधली पेटी आधी आत बसवली आणि एकेक सिलिंडर तोंडातून तिरका आत घालून, फिरवून, पेटीवर चिकटवत गेला. त्यातही खऱ्या इंजिनाचा, पुढचा पंखा फिरवणारा दांडा त्या पेटीच्या मधोमध असलेल्या भोकातून बाहेर यायचा, आणि तो फिरताना कुठेही घासता कामा नये.

मामी उशांना टेकून समोरून बघायची. बोलणं तिला फार महाग पडत होतं. मग तिने मामाला कारखान्यातले इशारे शिकवले. क्रेनखाली उभा असलेला माणूस वरच्याला हाताने सांगत असतो, उचल, सोड, इकडे घे. इतकी वर्षं ती ते इशारे वरून वाचत आली होती, आता द्यायची वेळ तिच्यावर आली. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं तिचं ऐकत होतं. बोट वर, वर घ्या. बोट बाजूला, त्या बाजूला. बोट खाली टेकवलं, थांबा. मामा काउलमध्ये तोंड घातल्यासारखा वाकलेला, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून त्या बोटाकडे बघायचा. "अजून? एवढं? आता?" बोट टेकलं की तो डिंक सोडायचा.

एका सिलिंडरपाशी दोघांचं जुंपलं. मामा म्हणे सरळ आहे, बोट म्हणे डावीकडे. मामा चिडला. "मी चिमट्याने माप घेतलंय, बाई!" बोट डावीकडेच. शेवटी त्याने तो सिलिंडर उपटून पुन्हा बसवला, धुसफुसत. बसल्यावर लांबून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "क्रेनवालीशी लग्न करू नये कुणी." मामीने डोळे मिटून घेतले होते, पण ओठ हलत होते.

विमान पूर्ण झालं. पिवळं, बुटकं, आणि समोरून बघितलं की त्या गोल नाकात सगळे सिलिंडर फुललेले. मामीच्या पायांशी ते पलंगावर ठेवलं तेव्हा ती नुसती बघत राहिली. मामाने पुन्हा पंखांखाली बोटं लावून उचललं तर ते पाण्यासारखं सपाट राहिलं.

इंजिन चालवून बघायला मामाने विमान मागच्या अंगणात खुंटाला बांधलं. मामीची खुर्ची मी खिडकीशी नेली. इंजिन सुरू झालं, पंखा फिरायला लागला, मामा खूश. थोड्या वेळाने मामीचं बोट खुर्चीच्या हातावर टेकलं, उचललं गेलं, पुन्हा टेकलं. मला वेगळं काही ऐकू येत नव्हतं. मी ओरडले, "मामा, बंद कर, मामी थांब म्हणतेय!" त्याने बंद केलं तोवर आवाज खोल गेलाच होता. काउल काढून बघतो तर खरं इंजिन इतकं तापलेलं की पाण्याचा थेंब चर्र करून उडाला.

कारण उघड होतं. नाकाचं सगळं तोंड खोट्या इंजिनाने भरून टाकलं होतं, मागच्या खऱ्याला वारा लागत नव्हता. खऱ्या इंजिनाचं डोकं नेमकं सगळ्यात खालच्या सिलिंडरच्या मागे येत होतं. तो सिलिंडर कापून जागा करायला हवी होती.

"नाही," मामा म्हणाला. "गोल मोडेल सगळा. मी काउलला मागून फटी पाडतो."

त्याने फटी पाडल्या. पुन्हा तापलं. त्याने फटी मोठ्या केल्या. पुन्हा तेच. मामी दर वेळी म्हणायची, "कापा." तो म्हणायचा, "बघू." मला तेव्हा त्याचा राग यायचा. किती दिवस एका सिलिंडरसाठी अडून राहायचं? मग एका दुपारी तो टेबलापाशी बसून पातंच नसलेली करवत हातात फिरवत होता, आणि मला म्हणाला, "हे पूर्ण झालं की पुढे काय करायचं गं मी या खोलीत?" मामी झोपली होती. निदान डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने सिलिंडर कापला. मागे पातळ पत्रा वाकवून वाऱ्याला वाट करून दिली, आणि खऱ्या इंजिनाचं डोकं काळं रंगवलं. समोरून बघणाऱ्याला पत्ताही लागला नसता. इंजिन थंड राहिलं.

मैदानावर जायच्या दिवशी बसवाल्यांनी मोठी गाडी आणली. मामीला चाकांच्या खुर्चीत बसवून, मान पट्ट्याने धरून, वर चादर लपेटून आम्ही नेलं. हवा शांत होती. रिमोट बसवाल्यांच्या हातात. ते पिवळं विमान गवतावरून धावलं आणि वर गेलं, आणि काय सांगू, इतकं देखणं उडालं. उन्हात वळलं की गोल नाक आणि आतले सिलिंडर चमकायचे. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बसवाले ओरडले, "बाई, हात सोडले तरी सरळ जातंय!" मामा वळला, मामीचा चेहरा बघायला. वर्षभर त्या चेहऱ्यासाठीच सगळं चाललं होतं.

मामीचं बोट खाली टेकलेलं होतं.

"काय झालं? दुखतंय का कुठे?"

"घरी," ती म्हणाली.

"अगं, आत्ता तर..."

"घरी."

बसवाल्यांनी विमान उतरवलं. घरी तिला निजवल्यावर मामाचा बांध फुटला. आवाज चढवून तो म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं ना? तुलाच हवं होतं ना? मग?" आजारी माणसाशी असं बोलू नये म्हणून मी त्याचा हात धरला, त्याने झटकला. मामीने तोंड उघडलं. शब्द यायला फार वेळ लागला. ओठ आधी, मग आवाज.

"मला... चालवायचं... होतं."

मामा उभा होता तो पलंगाच्या कडेला बसला. नंतर चहा करताना तो मला म्हणाला, "मला वाटलं हिला बघायचंय. कुणीही सांगितलं असतं मला. एवढी साधी गोष्ट." त्याने तेच दोनदा म्हटलं.

विद्यार्थ्याला शिकवण्यासाठी दोन रिमोट तारेने जोडता येतात. एक शिकवणाऱ्याच्या हातात, एक शिकणाऱ्याच्या. पहिल्याने खटका दाबून धरला की तेवढ्यापुरता ताबा दुसऱ्याकडे जातो, सोडला की परत येतो. बसवाल्यांनी तशी जोडणी करून आणली, आणि मामीच्या रिमोटवर एकच गोष्ट ठेवली, शेपटीचं सुकाणू. डावीकडे, उजवीकडे, बस. पण तिच्या बोटाला तो बारीक दांडा ढकलवेना, बोट घसरायचं. मामाने लॅबमधून माप घ्यायची पेस्ट आणली. जबड्याचं घेतो तसं तिच्या बोटाच्या टोकाचं माप घेतलं, आणि त्या मापाची एक टोपी करून दांड्यावर बसवली. बोट तिच्यात असं बसलं की निघायचं झालं तरच निघेल. मामी पलंगावर पडून सराव करायची, खाली जमिनीवर उभ्या विमानाची शेपूट डावी-उजवी हलायची.

पुन्हा मैदान. बसवाल्यांनी विमान खूप उंच नेलं, सरळ केलं, आणि म्हणाले, "बाई, घ्या." खटका दाबला.

थोडा वेळ काहीच नाही. विमान सरळ चाललेलं, लहान होत चाललेलं. मग त्याचं नाक हळूच डावीकडे फिरलं. पंख कलला. ते वळायला लागलं, आणि जास्तच वळलं, शेपूट बाहेर घसरली, नाक खाली गेलं. बसवाले खटका सोडायच्या बेतात होते. मामा त्यांच्या कानाशी म्हणाला, "सोडू नका. ती थांबवेल." मामीच्या कपाळावर घाम आलेला, डोळे विमानाला खिळलेले. बोट उजवीकडे गेलं. विमानाने डुलत डुलत अंग सावरलं आणि आमच्याकडे तोंड करून यायला लागलं.

बसवाल्यांनी ताबा घेतला. मामा खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला होता. "जमलं की गं!"

मामीने श्वास गोळा केला. "भिकार," ती म्हणाली. "झुलवलं मी." आणि मग, "परत."

परत जायचं ठरलं होतं. पण तिच्या छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात हलवावं लागलं. तिथून ती घरी आली नाही. मामा तिच्या डाव्या हाताशी बसून होता. ते बोट शेवटपर्यंत त्याच्या मुठीत होतं, पण त्या दिवसांत ते काही सांगत नव्हतं.

तिला पोचवायला कारखान्यातली जुनी माणसं आली. त्यांतला एक म्हातारा मामापुढे आला. "मी बाईंच्या खाली होतो," म्हणाला. मग स्वतःच गोंधळला. "म्हणजे क्रेनखाली. इशारे द्यायला. बाई वर असल्या की आम्ही कुणी मान वर करून बघायचो नाही." मामाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि घरी कसे जाणार, सोडायला कुणी आहे का, ते विचारलं. रडला नाही. तेव्हा नाही, नंतरच्या दिवसांतही नाही. टेबल परत गॅरेजमध्ये गेलं, कपाट खोलीत आलं, मामा लॅबमध्ये जायला लागला. खंबीर आहे हो तुमचा मामा, असं लोक मला सांगायचे.

विमान त्याने बसवाल्यांना देऊन टाकलं. "ठेवून काय करू? तुम्ही उडवा." ते नको नको म्हणत होते, पण मामाने ऐकलं नाही. ते उडवायचे, कधीतरी फोन करून सांगायचे छान गेलं म्हणून. मामा मैदानावर गेला नाही.

काही महिन्यांनी एका सकाळी मी मामाकडे बसले होते. बेल वाजली. दारात बसवाले, हातात चादरीचं गाठोडं. चेहरा पार उतरलेला. उतरताना वाऱ्याचा झोत आला, विमान नाकावर आपटलं. त्यांनी गाठोडं टेबलावर सोडलं. पंखाच्या काटक्या, फाटलेलं पिवळं आवरण, अंड्याच्या कवचासारखं फुटलेलं काउल. सिलिंडर तुटून सुटे झालेले, आणि जिथे तुटले होते तिथे चंदेरी रंगाखालून गुलाबी दिसत होतं.

"कसं तोंड दाखवू तुम्हाला," बसवाले म्हणाले. "बाईंचं विमान."

"कुणाला लागलं नाही ना?" मामाने विचारलं.

"नाही."

"मग झालं. उडवायचं म्हटलं की मोडणार कधीतरी. बसा." त्याने त्यांना खांद्याला धरून बसवलं. ते रडत होते, आणि मामा त्यांची पाठ थोपटत होता, वाऱ्यापुढे कुणाचं चालतं, तिच्याकडूनही पडलंच असतं, असं सांगत होता. मग म्हणाला, "चहा टाकतो."

कप काढायला म्हणून मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चहाचं काहीच काढलेलं नव्हतं. मामाने नळ पूर्ण सोडला होता. दोन्ही हात बेसिनच्या कडेवर टेकून, मान खाली घालून तो उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. असं रडताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बाहेर बसवाल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पाणी धो धो वाहत होतं. मी दार लोटून घेतलं, त्याच्या बाजूला उभी राहिले, आणि नळ तसाच वाहू दिला.